‘कबूल’ म्हणण्याआधी कलम वाचा : सीमाभागातल्या माणसाला कोणत्या राज्याचा कायदा, किती शिक्षा?

समजा, खानापूर तालुक्यातले एक गाव. गणपतीचे दिवस, रात्रीचे जागरण, देवळाच्या कट्ट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला. मध्ये पाच-पन्नास रुपये पडलेले. पोलिसांची जीप येते, सहा जणांची नावे लिहून घेतली जातात, पत्ते आणि पैसे पंचनाम्यात जातात. काही महिन्यांनी समन्स येते. कोर्टात नाव पुकारले जाते आणि कन्नडमधून विचारणा होते, “तप्पु ओप्पिकोळ्ळुत्तीरा?” म्हणजे, गुन्हा कबूल आहे का? शेजारचा कुणीतरी कानात सांगतो, “हो म्हण, दंड भर आणि मोकळा हो. कशाला हेलपाटे घालतोस?” पोरगा हो म्हणतो, दंड भरतो, पावती खिशात घालतो आणि संध्याकाळच्या बसने घरी येतो.

तो मोकळा झाला का? नाही. कोर्टाने त्याला दोषी ठरवले आणि शिक्षा दिली. दंड ही शिक्षाच असते, गाडीच्या पार्किंगची पावती नव्हे. पुढे कधी पोलीस भरतीचा किंवा सरकारी नोकरीचा फॉर्म हातात येतो आणि त्यात एक रकाना असतो : आपणास कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवले आहे काय? तेव्हा त्या रात्रीच्या डावाचा खरा हिशेब कळतो.

सीमाभागात ही अडचण इतरांपेक्षा जास्त. सकाळी घर कर्नाटकात, दुपारी बाजार महाराष्ट्रात, शनिवार-रविवार गोव्यात, असे इथले जगणे. एकच गोष्ट एका राज्यात धंदा असते आणि घाट उतरल्यावर गुन्हा. म्हणून आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे आणि त्याला शिक्षा किती, हे वकिलाकडे जाण्याआधी स्वतःलाही थोडेफार कळले पाहिजे.

कायदा केंद्राचा की राज्याचा?

पहिला प्रश्न हाच. खून, चोरी, मारामारी, फसवणूक, धमकी हे गुन्हे ‘भारतीय न्याय संहिता’ या केंद्रीय कायद्यात येतात. १ जुलै २०२४ पासून तो जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी लागू झाला. बेळगाव, कोल्हापूर, पणजी किंवा इंदूर, कुठेही याची कलमे आणि शिक्षा मुळात तीच.

पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने काही विषय राज्यांच्या हाती दिले आहेत. कायदा-सुव्यवस्था, पोलीस, दारू, जुगार हे त्यांतले ठळक. या विषयांवर राज्य कायदा करते आणि तो मोडल्यास शिक्षा काय, तेही राज्यच ठरवते. त्यामुळे एफआयआरमध्ये ‘बीएनएस’ असे लिहिले असेल तर गुन्हा केंद्रीय कायद्याचा, आणि ‘के. पी. ॲक्ट’ म्हणजे कर्नाटक पोलीस कायदा १९६३ किंवा ‘कर्नाटक एक्साइज ॲक्ट’ असे असेल तर राज्याचा. अनेकदा दोन्ही एकत्र लावलेले असतात. नुसता कलमाचा नंबर विचारून उपयोग नाही. नंबराच्या पुढे-मागे कायद्याचे नाव काय आहे, ते आधी पाहावे.

जुने नंबर विसरावे लागतील

गावागावांत अजूनही ‘तीनशे दोन’, ‘तीनशे सात’, ‘चारशेवीस’ हीच भाषा चालते. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या घटनांना हे जुने नंबर आजही लागू आहेत, पण नंतरच्या घटनांना नाहीत. खुनाचे कलम आता १०३, खुनाच्या प्रयत्नाचे, म्हणजे लोक ज्याला ‘हाफ मर्डर’ म्हणतात त्याचे, १०९, आणि जुन्या चारशेवीसची जागा ३१८ (४) ने घेतली आहे. नव्या संहितेत कलमेच एकूण ३५८. त्यात ४२० नावाचे कलमच उरलेले नाही.

गोंधळ होतो तो जुना नंबर नव्या संहितेत भलत्याच अर्थाने आल्यामुळे. जुने ३५३ म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर कामात असताना हल्ला. तो गुन्हा आता कलम १३२ मध्ये आहे आणि त्याला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नव्या संहितेतले ३५३ मात्र अफवा आणि खोटी माहिती पसरवण्याबद्दल आहे. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या मेसेजवरून ३५३ लागले आणि घरच्यांनी ‘पोराने पोलिसावर हात उचलला’ असे समजून डोके धरले, असे होऊ शकते. तसेच ३०२ नंबर नव्या संहितेत धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्यासाठी आहे. खुनाशी त्याचा संबंध नाही.

घाट उतरला की कायदा बदलतो

चोर्ला घाट, अनमोड घाट, शिनोळी, कोगनोळी. रोज हजारो गाड्या जिथून जातात त्या या वाटांवर कायदा कसा बदलतो, ते काही उदाहरणांतून पाहता येते.

दारू. गोव्यात दुकानातून बाटली घेणे सरळ व्यवहार आहे. पण दुकानाचे बिल म्हणजे दुसऱ्या राज्यात नेण्याचा परवाना नव्हे. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ च्या कलम ३२ नुसार बेकायदा दारू आणणे, वाहून नेणे किंवा बाळगणे याला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्ष आणि किमान १० हजार दंड अशी खालची मर्यादाही आहे. गाडी जप्त होते आणि सरकारजमा होऊ शकते. ती कारवाई कोर्टातल्या खटल्यापेक्षा वेगळी चालते. मित्राची गाडी मागून नेली असेल तर मित्रही अडकतो. आंबोली किंवा तिलारीमार्गे महाराष्ट्रात उतरले तर तिथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ आहे. तिथे दारू जवळ बाळगायलाही परवाना लागतो आणि बेकायदा वाहतुकीत वाहनही जप्त होते. बडोद्याला नातेवाइकांकडे निघालेल्यांनी तर बॅगेत बाटली ठेवूच नये. गुजरातने २०१७ मध्ये दारूबंदी कायदा कडक करून बेकायदा विक्री-वाहतुकीची शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड ५ लाखांपर्यंत नेला.

जुगार. गोव्याचा १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा मुळात बंदीचाच आहे. पण नंतर त्यात कलम घालून पंचतारांकित हॉटेलांतली खेळयंत्रे आणि पाण्यावरच्या जहाजांतले कॅसिनो यांना परवानगीने वाट करून दिली. तोच पैशांचा डाव खानापूर किंवा निपाणीत रस्त्यावर, सार्वजनिक जागी मांडला तर कर्नाटक पोलीस कायद्याचे कलम ८७ लागते. मटका आणि जुगाराचे अड्डे यांना ७८, ७९ आणि ८० ही कलमे आहेत. पलीकडे चंदगडला गेले तर तिथे १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा.

भोंदूगिरी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण, चटके असे प्रकार दोन्ही बाजूंना गुन्हा आहेत. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, कर्नाटकचा २०१७ चा. दोन्हीकडे जास्तीत जास्त शिक्षा ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार. फरक खालच्या टोकाला आहे : महाराष्ट्रात किमान ६ महिने, कर्नाटकात किमान १ वर्ष. कोणत्या प्रथा गुन्हा ठरतात, याची यादीही प्रत्येक कायद्याला वेगळी जोडलेली आहे.

जनावरे. बैलबाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे माहीत हवे. कर्नाटकच्या २०२० च्या गोहत्या प्रतिबंधक कायद्यात हत्येला ३ ते ७ वर्षे कैद किंवा प्रत्येक जनावरामागे ५० हजार ते ५ लाख दंड किंवा दोन्ही आहे. १३ वर्षांवरील म्हशी-रेड्यांचा अपवाद सोडला तर म्हसवर्गही त्यात येतो. महाराष्ट्राच्या कायद्यात गाय, बैल, वळू यांच्या हत्येला कैदेची वरची मर्यादा ५ वर्षे, दंडाची १० हजार आहे. शेतीसाठी जनावर नेण्याला बंदी नाही; पण बाजाराची पावती, जनावराचे दाखले आणि वाहतुकीचे कागद जवळ नसतील तर रस्त्यातच प्रश्न सुरू होतात.

शिक्षेच्या ओळीतले चार शब्द

कलम सापडले की शेवटची ओळ वाचावी. शिक्षा तिथे असते आणि चार शब्द तिचा अर्थ ठरवतात.

‘पर्यंत’. ‘३ वर्षांपर्यंत’ म्हणजे तीन वर्षे होणारच असे नाही. ती वरची मर्यादा झाली. त्याखाली किती द्यायची, ते कोर्ट गुन्ह्याचे स्वरूप, वय, पूर्वीची नोंद पाहून ठरवते. बातमीत ‘सात वर्षांची शिक्षा होऊ शकते’ असे वाचून घरात रडारड सुरू होते, तेव्हा हा शब्द आठवावा.

‘पेक्षा कमी नाही’. ही खालची मर्यादा. वर सांगितलेल्या अबकारी कायद्यात किंवा जादूटोणा कायद्यात ती आहे. अशा ठिकाणी ‘पहिलाच गुन्हा आहे साहेब, दंडावर सोडा’ हे म्हणणे चालत नाही. म्हणून एखाद्या मोठ्या कलमापेक्षा किमान शिक्षा असलेले लहान दिसणारे कलम कधी कधी जास्त धोक्याचे असते.

‘किंवा’. ‘१ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही’ असे असेल तर कोर्ट नुसत्या दंडावरही थांबू शकते.

‘आणि’. ‘कैद आणि दंड’ असे असेल तर दोन्ही होणार. दंड भरला नाही तर त्याबद्दल जादा कैद, ती वेगळी.

नव्या संहितेत शिक्षेचे सहा प्रकार आहेत : फाशी, जन्मठेप, कैद (साधी किंवा सक्तमजुरीची), मालमत्ता जप्ती, दंड आणि नव्याने आलेली समाजसेवा. दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ घालणे (कलम ३५५), किंवा ५ हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, अशा थोड्या गुन्ह्यांनाच समाजसेवेची सोय आहे. जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, ही मात्र चुकीची समजूत. सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे की जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. त्याआधी सुटका होते ती सरकारने सूट दिली तर.

एकच काठी, चार कलमे

बांधावरून भांडण झाले, काठी चालली. गुन्हा कोणता? उत्तर काठीपेक्षा डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर जास्त अवलंबून असते.

हाताने मारले आणि जखम साधी असेल तर कलम ११५ (२) : १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हत्यार किंवा घातक वस्तू वापरून साधी जखम केली तर ११८ (१) : ३ वर्षांपर्यंत किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडले, दात पडला, डोळा गेला तर ती गंभीर दुखापत. हाताने केली असेल तर ११७ (२), ७ वर्षांपर्यंत. तीच घातक हत्याराने केली तर ११८ (२) : किमान १ वर्ष, वर १० वर्षे किंवा थेट जन्मठेप. आणि मारण्याच्याच इराद्याने घाव घातला असे पोलिसांना वाटले तर कलम १०९.

म्हणून दोन्ही बाजूंनी सरकारी दवाखान्यातली तपासणी लगेच आणि नीट व्हायला हवी. जखम कुठे, केवढी, कशाने, याची नोंद पुढे कलम वाढवते किंवा उतरवते. एफआयआरमधले कलम अखेरचे नसते. तपासानंतर दोषारोपपत्रात ते बदलू शकते आणि कोर्टही आरोप ठेवताना बदलू शकते.

गर्दीत उभे राहणाऱ्याचे काय?

विसर्जन मिरवणूक, मोर्चा, सायकल फेरी, निदर्शने. सीमाभागात हे नवे नाही आणि त्यावरचे गुन्हेही नवे नाहीत. पाच किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने जमली तर तो ‘बेकायदा जमाव’, कलम १८९. नुसत्या सामील होण्याला ६ महिन्यांपर्यंत. जमावाने हिंसा केली तर दंगल, कलम १९१ (२), २ वर्षांपर्यंत. घातक हत्यार असेल तर ५ वर्षांपर्यंत. कलम १९० सांगते की जमावाच्या समान हेतूसाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे सदस्य जबाबदार. दगड दुसऱ्याने मारला, हा बचाव एकटा पुरत नाही; आपण त्या हेतूत सामील नव्हतो, हे मांडावे लागते. व्हिडिओमध्ये कोण कुठे उभा आहे, याला म्हणूनच महत्त्व येते.

जमावबंदी मोडल्याचे कलम २२३. त्याला ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. त्यातून दंगल किंवा जिवाला धोका झाला तर १ वर्षापर्यंत. या कलमात एक बारकावा आहे. ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट त्याची दखल घेऊ शकत नाही. नुसत्या एफआयआरवर हे कलम उभे असेल तर वकिलाने ते पहिल्या तारखेलाच दाखवून द्यावे.

तडीपारी (कर्नाटकात ‘गडीपार’) ही मात्र शिक्षा नव्हे, प्रतिबंधक कारवाई आहे. कर्नाटक पोलीस कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे माणसाला जास्तीत जास्त २ वर्षे हद्दीबाहेर काढता येते. खटला न चालताही हे होते, म्हणून आधी आलेल्या नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर देणे हाच पहिला बचाव.

जामीन मिळेल का, हे कसे ओळखावे?

बीएनएसच्या प्रत्येक कलमापुढे तक्त्यात लिहिलेले असते : दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र म्हणजे ‘एनसी’. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासही नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, कुणाची मेहरबानी नव्हे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नाही. तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवते.

राज्याच्या कायद्यात याबद्दल काही वेगळे लिहिले नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीचा साधा हिशेब लागतो. शिक्षा ३ वर्षांपेक्षा कमी किंवा फक्त दंड असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र. ३ ते ७ वर्षे असेल तर दखलपात्र आणि अजामीनपात्र, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ७ वर्षांपेक्षा जास्त, जन्मठेप किंवा फाशी असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र आणि खटला सत्र न्यायालयात. शिक्षेचा आकडा कळला की एवढे उत्तर घरबसल्या काढता येते.

अटक झाली तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळून. दोषारोपपत्र मुदतीत आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. १० वर्षे किंवा त्याहून मोठ्या कैदेच्या, जन्मठेपेच्या आणि फाशीच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०.

कागद कन्नडमध्ये, सही मराठीत

इथला सगळ्यांत मोठा अडसर हा. जबाब, पंचनामा, एफआयआर कन्नडमध्ये लिहिले जाते आणि खाली मराठीत सही होते. काय लिहिले आहे ते वाचता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि वाचून, समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. फिर्याद देणाऱ्याला ती वाचून दाखवणे आणि एफआयआरची प्रत फुकट देणे पोलिसांना बंधनकारक आहे. आरोपीलाही प्रत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला की संवेदनशील प्रकरणे सोडून एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी.

अटकेबाबत तर आता स्थिती आणखी स्पष्ट आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, गुन्हा कोणताही असो. लगेच लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावे. बेळगावच्या मराठी माणसाने कर्नाटकात आणि कोल्हापुरात अडकलेल्या कन्नड माणसाने महाराष्ट्रात, दोघांनीही हा हक्क बजावता येतो. कोर्टातही आरोप वाचून समजावून सांगितल्यावरच ‘कबूल आहे का’ हा प्रश्न येतो. समजले नसेल तर ‘समजले नाही, मराठीत सांगावे’ एवढे म्हणायला वकील लागत नाही.

गुन्हा तिकडे, माणूस इकडे

म्हापशात भांडण झाले, तिथे गुन्हा नोंदला आणि पोरगा बेळगावला परत आला, तर? खटला जिथे घटना घडली तिथे चालतो. पण अटकेची भीती असेल तर धावपळ करत गोव्यात जाण्याआधी राहत्या ठिकाणच्या सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, कर्नाटकातूनच गेलेल्या एका प्रकरणात, ही वाट मोकळी केली. त्या मुदतीत गोव्यातल्या योग्य कोर्टात जायचे. उलट, फिर्याद द्यायची असेल तर ‘झिरो एफआयआर’ आहे : हद्द आपली नाही म्हणून कोणत्याही पोलीस ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. ती लिहून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची.

वरची कोर्टेही लक्षात ठेवावीत. बेळगावसाठी उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ, गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ, आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच.

पंचांत मिटले म्हणजे कोर्टात मिटले नाही

गावात बैठक बसते, दोन्हीकडून नारळ दिला जातो, भांडण मिटते. पण खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. गावचा कागद तो थांबवत नाही. साधी दुखापत, शिवीगाळ (३५२), वाट अडवणे (१२६) ही कलमे तडजोडपात्र आहेत. फिर्यादीने कोर्टात येऊन सांगितले की प्रकरण संपते आणि आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. लोक अदालतीत हे एका दिवसात होऊ शकते. दंगलीचे कलम मात्र तडजोडपात्र नाही. ते काढायला उच्च न्यायालयातच जावे लागते. म्हणून मिटवायला बसण्याआधी एफआयआरमधली सगळी कलमे पाहावीत. एकच कलम मागे राहिले तरी तारखा चालूच राहतात.

आणि ‘कबूल’? कबुलीवर शिक्षा झाली तर अपील जवळजवळ संपते. शिक्षा किती किंवा ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच भांडता येते. कट्ट्यावरच्या त्या पोराने कबुली देण्याआधी विचारायला हवे होते की डाव कोणता होता? सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटले आहे की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नाही. बचाव टिकला असता की नाही ते साक्षी-पुराव्यांवर ठरले असते. पण ‘हो’ म्हटल्यावर तो मांडायची जागाच उरली नाही.

गुन्हा खरोखर घडला असेल आणि कबूलच करायचे असेल, तरी एक गोष्ट वकिलाकडून मागून घ्यावी. १९५८ चा परिवीक्षा कायदा पहिल्या चुकीला समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या बाँडवर सोडण्याची सोय देतो आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे अशा दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटत नाही. कोर्टाकडे अर्ज केल्याशिवाय हे आपोआप घडेलच असे नाही.

नोकरीच्या फॉर्ममध्ये लपवू मात्र नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की किरकोळ प्रकरण खरे सांगितले असेल तर नेमणूक करणाऱ्याने ते समजून घेता येते. पण माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस असते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. देशभर चालणारा फोन नंबर १५१००.

समन्स घेऊन कोर्टात उभे राहिलेल्या पोराला एवढेच तीन प्रश्न पुरेसे आहेत : कायदा कुणाचा, कलम कोणते, शिक्षेच्या ओळीत कोणता शब्द? उत्तर मिळाले नाही तर पुढची तारीख मागावी. एक हेलपाटा वाढेल, बसचे तिकीट वाया जाईल. नावापुढे लागलेली शिक्षा पुसण्यापेक्षा ते खूप स्वस्त आहे.